तीन मिस्ड कॉल म्हणजे जीप

फोन गेला तो सोमवारी सकाळी, डाळीची तिसरी शिट्टी व्हायच्या आधी. ओट्यावर चार्जिंगला लावला होता. हातात घेतला तर तव्यासारखा गरम, आणि पडदा काळा. बटण दाबलं, दाबून धरलं, चार्जर बदलला, पंख्याखाली ठेवला, शेवटी दोन चापट्याही मारल्या. काही नाही.

मी घाबरले नाही. मी याद्या करणारी बाई आहे. शनिवार-रविवार कर्जतच्या आजूबाजूच्या फार्महाऊसवर येणाऱ्या पाहुण्यांना घरगुती जेवण पुरवते. चाळीस माणसांची आमटी अंदाजपंचे होत नाही, तिला यादी लागते. कपाटात फायली आहेत, प्रत्येक फाईलवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. 'फोन' ही फाईल काढली. बिल होतं, वॉरंटीचं कार्ड होतं, रिकामा खोकासुद्धा माळ्यावर होता. बिलावरची तारीख बघितली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. वॉरंटी संपून अकरा दिवस झाले होते.

अकरा दिवस! बाराव्या दिवशी फोनचं बारावं, असं मनात आलं आणि तेवढ्यात दुसरं काही तरी आठवलं. मग मात्र मी खुर्ची ओढून बसले.

ते दुसरं काय ते आधी सांगते. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर एक ठाकरवाडी आहे. तिथल्या बायका मला पावसाळ्यात रानभाज्या आणि दिवाळीनंतर करांदे, कोनफळं असे कंद आणून देतात. वाडीत फोनला रेंज नाही. वाडीपासून पाच मिनिटांवर एक मोठा धोंडा आहे, त्याच्यावर चढून उभं राहिलं की दोन दांड्या येतात. वाडीत बटणांचे तीन फोन आहेत आणि त्यांत पैसे भरलेले असतात असं नाही. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी आमचं ठरलं ते मिस्ड कॉलवर. एक कॉल म्हणजे भाजी तयार, उद्या उतरतो. दोन म्हणजे उद्या नाही. तीन म्हणजे जीप पाठव.

तीनचा कॉल आजवर चारदाच आला होता. एकदा साप, एकदा झाडावरून पडलेला माणूस, दोनदा बाळंतपण. तीन कॉल आले की मी कोंडाण्याच्या जीपवाल्याला गाठायचं, आणि त्याने डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी लावायची. तोवर वाडीची माणसं झोळी करून पेशंटला खाली आणतात. त्यांनी थेट जीपवाल्याला फोन का करू नये, असं मला खूप जणांनी विचारलं आहे. जीपवाल्याचा फोन बहुतेक वेळा गाडीत असतो आणि गाडी बहुतेक वेळा दुसरीकडे असते. ती कुठे असेल हे मला माहीत असतं. सरकारी अँब्युलन्सचा नंबरही एकदा लावून बघितला होता. पलीकडच्या मुलीने "घराजवळची खूण सांगा" म्हटलं. वाडीतला माणूस म्हणाला, "खून? धोंडा हाय." तिथे ते संभाषण संपलं.

तर आता वाडीतली एक सून दिवसांत होती. पहिलं बाळंतपण. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी दिलेली तारीख अमावस्येच्या पुढची होती, म्हणजे दोन आठवडे अजून हातात. पण पहिलटकरणीचं पोट आशाताईंचं कॅलेंडर वाचत नाही. आणि वाडीतल्या तीन घरांच्या कुडांवर, शाळेच्या भिंतीवर आणि त्या धोंड्यावर कोळशाने एकच नंबर लिहिलेला होता. माझा.

आता तुम्ही म्हणाल, सिम काढून दुसऱ्या फोनात घालायचं. हेच मीही म्हटलं असतं. पण नवा फोन घेताना मिस्टरांनी हौसेने ते नवीन प्रकारचं सिम करून दिलं होतं, जे फोनच्या आतच असतं. हातात धरता येत नाही, काढता येत नाही. "हरवायचा प्रश्नच नाही," असं ते म्हणाले होते. खरंच हरवलं नव्हतं. आत होतं, फोनसोबत गेलेलं.

जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी यादी केली. एक, पनवेलचं सर्व्हिस सेंटर. दोन, नंबर परत चालू करणे. तीन, वाडीला कळवणे. आज ते पान बघते तेव्हा तिसरं पहिलं हवं होतं हे दिसतं. तेव्हा वाटलं होतं, एक झालं की तीनची गरजच नाही.

मंगळवारी पनवेल. काचेचं दुकान, थंडगार हवा, हातात टोकन, आणि समोर सगळे माझ्यासारखेच, हातातल्या काळ्या पाटीकडे बघत बसलेले. दवाखान्यात निदान लोक एकमेकांना "काय झालं" असं विचारतात. इथे तेही नाही. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने फोन आत नेला आणि वीस मिनिटांनी परत आणला.

"मॅडम, मदरबोर्ड गेलाय."

"कुठे गेलाय?"

ती हसली नाही. "बदलावा लागेल." आणि तिने सांगितलेला आकडा नव्या फोनच्या पाऊण किमतीचा होता.

"वॉरंटी?"

"संपलीय."

"फोन गेला त्याच्या अकरा दिवस आधी."

"सिस्टीमला संपलीय एवढंच दिसतं, मॅडम."

"अकरा दिवसांत मदरबोर्ड म्हातारा झाला का?"

"मॅडम, मी काय करू, सांगा." आणि ते ती खरंच विचारत होती. मला तिची दया आली. मी फोन पर्समध्ये टाकला आणि एसटी पकडली.

वाटेत चौक गावाला उतरले. तिथे बाजारात एक चाचा आहेत, पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, आता मोबाईल. टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग. माझा मिक्सर त्यांनी दोनदा जगवला आहे. फोन हातात घेऊन त्यांनी तो कानाशी हलवला, हुंगला आणि परत ठेवला.

"कंपनीवाल्यांनी उघडला काय?"

"हो. मदरबोर्ड म्हणाले."

"बोर्डच असेल. मी गरम करून बघतो, उठला तर उठला. पन बाई, एकदा मी हात लावला ना, की कंपनी बोलेल, बाहेर उघडलाय, आमचा संबंध नाय. मग तुमी भांडायच्यापन राहनार नाय."

"भांडून काय मिळणार? अकरा दिवस उलटलेत."

चाचांनी भिंग वर सरकवलं. "आधी कदी तापत होता? वॉरंटीत?"

"तापायचा की. गणपतीत फार तापायचा. मी तक्रारीच्या नंबरावर फोनही केला होता. बंद करून चालू करा म्हणाले."

"तक्रार केली होती? नंबर दिला आसेल."

"दिला असेल."

"मंग जावा ना घरी! शोधा! हितं चाचाकडं काय बसलाय?" आणि फोन माझ्या हातात कोंबून त्यांनी पुढच्या गिऱ्हाईकाला हात केला. धंदा नाकारायची अशी घाई मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही.

आता ही गंमत बघा. माझ्या सगळ्या याद्या गेल्या वर्षभरात मी फोनमध्ये हलवल्या होत्या. फार्महाऊसवाल्यांचे नंबर, मसाल्यांची मापं, सगळं. आधुनिक व्हायचं ठरवलं होतं. फोनची तक्रार फोनमध्येच लिहिली असती तर ती त्याच्याबरोबरच गेली असती. पण दूध, गॅस आणि कामवालीचे खाडे या तीन गोष्टी अजून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच लिहायची सवय सुटली नव्हती. घरी येऊन पानं उलटली. सप्टेंबर. गॅस आला. दूध नाही. दूध नाही. आणि एका चौकोनात माझ्या बारीक अक्षरात: 'फोन तापतो, तक्रार केली', आणि खाली अकरा आकडी क्रमांक, शेवटचे दोन आकडे शेजारच्या एकादशीवर चढलेले.

मी एकटीच ओट्यापाशी उभी राहून टाळी वाजवली.

बुधवारी सकाळी शेजारच्या वहिनींच्या कॉम्प्युटरवरून कंपनीला पत्र लिहिलं. पाच मुद्दे, प्रत्येकी एक ओळ. कॅलेंडरच्या पानाचा फोटो जोडला, दुधाच्या खाड्यांसकट. 'दोष वॉरंटीच्या काळातला आहे, तेव्हाच कळवला होता, दुरुस्ती मोफत हवी, आठ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक मंचाकडे जाईन.' शेवटच्या मुद्द्याखाली वहिनींनी रेघ मारायला लावली.

मग यादीतलं दुसरं. सिमच्या दुकानात गेले. आधार दाखवलं. तिथल्या माणसाने बघितलं आणि म्हणाला, "नंबर तुमच्या नावावर नाहीये."

"म्हणजे?"

"यांच्या नावावर आहे." मिस्टरांचं नाव.

आमच्या घरातली सगळी सिमं यांच्या नावावर आहेत. पंधरा वर्षांपूर्वी कधी तरी एकदा जाऊन त्यांनी चार एकदम आणली होती, भाजी आणावी तशी. घर माझ्या नावावर, गाडी माझ्या नावावर, फूडचं लायसन माझ्या नावावर. ज्या नंबरावर माझा धंदा आणि एक वाडी चालते तो तेवढा यांच्या नावावर, आणि इतक्या वर्षांत हे माझ्या एकाही यादीत आलं नव्हतं.

"त्यांना घेऊन या, अंगठा लागेल."

'ते' कारखान्याच्या कामासाठी गुजरातेत होते. मी माझ्या स्वतःच्या नावाने एक नवं सिम घेतलं, कपाटातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि जुन्या वहीतून त्यांचा नंबर शोधून लावला. तोही मला पाठ नव्हता. पंचवीस वर्षांचा संसार!

"कोण?" ते म्हणाले.

"मी."

"हा कुणाचा नंबर?"

"माझा. माझ्या नावावरचा."

सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी पोचतो, सोमवारी करून टाकू." आणि मग, "ती वाडीतली मुलगी?"

"उद्या जातेय वर."

यादीतलं तिसरं शेवटी पहिलं झालं होतं. मंगळवार-बुधवार बाजारात वाडीतलं कुणी दिसतं का ते बघितलं होतं, पण भातझोडणीचे दिवस, कुणी उतरलंच नव्हतं. तीन दिवस धोंड्यावरून कुणी फोन लावला असेल तर त्याला काय ऐकू आलं असेल, हा विचार आता माझ्याच्याने पुढे ढकलवत नव्हता.

गुरुवारी सकाळी रिक्षाने कोंडाण्याला गेले. जीपवाला अंगणात गाडी धूत होता. "तीन दिवसांत वाडीतून काही निरोप?" विचारलं.

"माझ्याकडं कशाला येईल? तुमच्याकडं येतो ना."

त्याला नवा नंबर दिला, पाठ करून घेतला आणि चढायला लागले. पाठीवरच्या पिशवीत पाणी, खडू आणि नव्या नंबराच्या दहा चिठ्ठ्या. गवत पिवळं पडलं होतं आणि वाट कोरडी. पस्तिसाव्या वर्षी ही वाट तासाभराची होती, आता मध्ये दोनदा बसावं लागतं. बसले की कान आपोआप वरच्या बाजूला जात. वरून झोडणीचा ठोका येत होता, सारखा, न थांबता. कुणाच्या घरात काही झालं असतं तर हा ठोका थांबला असता, असं स्वतःला सांगत मी उठत होते.

वाडीत पोचले. खळ्यावरच्या म्हाताऱ्याने पेंढा खाली ठेवला आणि माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बाय, तुमी तर चालताय!"

"का? चालू नको?"

"तुमी आजारी हाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"फोननं. सोमवारी लावला, बंद. मंगळवारी लावला, बंद. काल लावला, बंद. इतक्या वर्सात तुमचा फोन कदी बंद नाय. म्हंजे बाय आंथरुनाला खिळली. घरात कुनी बगाया नाय, मालक परदेशात."

"गुजरातेत."

"त्येच. म्हून सकालच्याला ती गेली तुमाला बगाया."

"कोण ती?"

"माजी बाईल. आन सून."

"सून? ती पोटुशी? चालत?"

"मंग काय, इमानानं? पानवट्याच्या वाटंनं गेल्या, सवकाश. तुमी ह्या वाटंनं आल्या, म्हून चुकामूक."

मी तिथेच पेंढ्यावर बसले. तो खदखदून हसला. "आता पानी प्या आन उतरा. आजारी मान्सानं घरात ऱ्हावं."

नव्या नंबराच्या नऊ चिठ्ठ्या त्याच्या हातात देऊन मी उठले. उतरताना गुडघ्यांनी मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. पाणवठ्याची वाट धरली होती. प्रत्येक वळणावर पुढे बघत होते, कुठे बसलेल्या दिसतात का, झाडाखाली कुणी आडवं पडलंय का. कुणीच नव्हतं. नुसती दोन जणींची पावलं, मऊ मातीत, एकीची नेहमीसारखी आणि एकीची जरा फाकलेली. ती थेट डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती.

दुपारी घरी पोचले तर ओसरीवर दोघी. सासू मांडी घालून करांद्यांची माती झाडत होती. सून भिंतीला टेकून, पाय पसरून, वहिनींनी दिलेला चहा पीत होती. पोट केवढं! मला बघून ती आधी लाजली आणि मग सासूला कोपराने ढोसलं.

म्हातारीने वर बघितलं. "कुटं होती गं?"

"तुमच्याकडे, मावशी!"

"आमाला बोलावलं आसतं तर आलो नसतो का?"

"कशाने बोलावणार? फोन मेला!"

"मंग मान्सं मेलीत का?" ती म्हणाली. "फोन बंद झाल्याव आमी तीन दिस वाट बगितली. तूपन तीन दिस वाट बगत हुतीस ना? त्या फोनच्या डब्याची?"

मी पिशवीतून चिठ्ठी काढली आणि नवा नंबर तिच्या हातात दिला. तिने ती उलटसुलट बघितली आणि कमरेच्या चंचीत टाकली.

"ह्यो कदी मरल?"

"काय सांगता येत नाही."

"मंग ही हितंच ऱ्हाईल," सुनेकडे मान करून ती म्हणाली. "आता चढून काय करायचं? परत उतरायचंच हाय. मी हाय संगं. तुज्या भाकऱ्या थापीन."

असं ते ठरलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. मागच्या खोलीतली तांदळाची पिंपं हलवली, खाट टाकली. त्या शनिवारी चाळीस पाहुण्यांच्या भाकऱ्या मावशीने थापल्या, आणि फार्महाऊसवरून पहिल्यांदाच निरोप आला की जेवणातलं सगळं चांगलं होतं पण भाकरी फारच चांगली होती. मी तो निरोप मावशीला दोनदा सांगितला, आणि तिने दोन्ही वेळा 'मंग' एवढंच उत्तर दिलं.

रोज सकाळी सून अंगणात चालायची, मी दवाखान्याच्या कागदांची फाईल केली, चिकटपट्टी लावली. कंपनीचं उत्तर सातव्या दिवशी आलं: 'विशेष बाब म्हणून' बोर्ड मोफत बदलून मिळेल, मात्र फोनमधली माहिती राहणार नाही. फोन पनवेलला देऊन आले. काउंटरवरची तीच मुलगी होती. तिने कॅलेंडरच्या पानाची छापील प्रत बघितली आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळं असं लिहिता?" मी म्हटलं, तूही लिही.

खाली आल्यापासून आठव्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपताना, सुनेने ताट बाजूला सरकवलं आणि सासूकडे बघितलं. मावशी उठली. रिक्षा कोपऱ्यावरच असते. घरापासून सरकारी दवाखाना सात मिनिटं. संध्याकाळी दिवेलागणीला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पाणी लवकर फुटलं होतं, जरा उशीर झाला असता तर जड गेलं असतं. मला वरची वाट आठवली, दोनदा बसावं लागतं ती. मावशीने बाळाला बघितलं आणि म्हणाली, "तारीक नाय पाळली हिनं. आशाबायला सांगा."

रविवारी मिस्टर आले. सोमवारी त्यांचा अंगठा लागला, हातात धरता येईल असं सिम मिळालं, आणि त्याच फेरीत नंबर माझ्या नावावर करायचा अर्ज मी त्यांच्यापुढे सहीला ठेवला. त्यांनी न वाचता सही केली. मग आम्ही दोघं पनवेलहून फोन घेऊन आलो आणि दवाखान्यातून बाळ-बाळंतिणीला.

फोन नव्यासारखा चकचकीत आणि आतून रिकामा. एकही नंबर नाही, एकही यादी नाही. सिम घातलं, नंबर चालू झाला. बाळ खाटेवर, फोन ओट्यावर. दोघांकडे आलटून पालटून बघत मी आमटीला फोडणी देत होते.

आणि वाजला. एकदा वाजून बंद. परत वाजून बंद. परत.

तीन.

कुणाला काय झालं? जीपवाल्याचा नंबर मला आता पाठ होता. लावला. "वर पळ, तीन आलेत!" तो सुटला. मी पातेलं उतरवलं, दवाखान्याची फाईल घेतली, मिस्टरांनी चप्पल घातली. मावशी दारात येऊन उभी राहिली, पदर घट्ट धरून.

पाऊण तासाने जीपवाल्याचा फोन आला, डांबरी रस्ता संपतो तिथून.

"बाई, हितं तुमचा म्हातारा हाय. ठणठणीत."

"मग तीन का दिले?"

मागून म्हाताऱ्याचा आवाज, धोंड्यावरून बोलावं तसा मोठ्याने: "लागतो का बगत हुतो! एक दिला तर लागला, म्हून दुसरा दिला! आनंद झाला, म्हून तिसरा! मंग ध्यानात आलं, आता जीप येनार, म्हून समदी उतरलो!"

"आता मी काय रिकामा येऊ का?" जीपवाला वैतागून म्हणाला.

रिकामा नाही आला. म्हातारा आणि वाडीतल्या सात बाया बाळ बघायला आल्या, सोबत करांद्याचं अर्धं पोतं आणि एक कोंबडा. मावशीने म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत असं काही सुनावलं की बाळ उठलं. मी फोन बाजूला ठेवला, कॅलेंडरचं पान पुढे ओढलं, आणि सोमवारच्या चौकोनात, दुधाच्या खाली, लिहिलं: फोन चालू. आठ पाहुणे. तांदूळ वाढवणे.